केशवाहिनीतला एक सेकंद

संपादकांचा निरोप सरळ होता. प्रथिनांचे आकार आता संगणक सांगतो, २०२४चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेलही त्याच कामाला मिळालं, तेव्हा प्रथिनांचा अभ्यास करणारी मंडळी हल्ली प्रयोगशाळेत नेमकं काय करतात ते वाचकांना कळेल असं लिहा. त्याच आठवड्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका मुलीचा फोन आला. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, साखरपुडा झाला होता. तालुक्याच्या शिबिरात रक्त तपासलं, रिपोर्टवर ‘एएस पॅटर्न’, म्हणजे सिकलसेलची वाहक, असं आलं आणि मुलाकडच्यांनी सोयरीक मोडली. तिने एकच विचारलं, “मॅडम, माझ्या पेशी कधीपासून वाकड्या व्हायला लागतील?”

मुलाचं रक्त तपासलं होतं का, असं मी विचारलं. नव्हतं तपासलं.

‘तुला आजार नाही, तू फक्त वाहक आहेस’ एवढ्याने तिची समजूत पटेना, आणि ते साहजिकच होतं. तिच्या प्रत्येक तांबड्या पेशीत सदोष हिमोग्लोबिन आहे हे तिला माहीत होतं. मग पेशी सरळ का राहतात? या प्रश्नाचं उत्तर आणि संपादकांच्या प्रश्नाचं उत्तर एकच आहे. ते द्यायला थोडा विस्तार लागतो.

आधी संगणकाविषयी. अल्फाफोल्ड या प्रणालीबद्दल मला मनापासून आदर आहे. अमिनो आम्लांची माळ दिली की तिची घडी कशी पडेल, हे २०२० साली अशाच अंदाजांच्या स्पर्धेत तिने ज्या अचूकतेने सांगितलं ते पाहून आमच्या क्षेत्रातली जुनीजाणती माणसंही थक्क झाली. आज वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे अंदाजित आकार कुणालाही फुकट पाहता येतात. माझे विद्यार्थी रोज वापरतात, मीही वापरते. पण या प्रणालीला निरोगी हिमोग्लोबिनची बीटा साखळी द्या आणि मग सिकलसेलची द्या. दोन्ही वेळा जवळजवळ तोच आकार समोर येतो. यात प्रणालीचा दोष नाही, कारण प्रत्यक्षातही ते दोन रेणू जवळजवळ सारखेच आहेत. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यांतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलेलं असतं, बाकी घडी तीच. एकेकटा रेणू फुप्फुसात ऑक्सिजन उचलतो आणि स्नायूत सोडतो, अगदी व्यवस्थित. एकट्या रेणूकडे कितीही निरखून पाहिलं तरी त्यात आजार सापडत नाही. ‘आकार कळला म्हणजे प्रथिन कळलं’ हे वाक्य वर्तमानपत्रांत वाचते तेव्हा मला त्रास होतो तो यामुळे.

हा एका अमिनो आम्लाचा फरक शोधणंही सोपं नव्हतं. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशींची नोंद केली. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवलं, की या रुग्णांचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निराळ्या वेगाने सरकतं. एखाद्या आजाराचं मूळ थेट रेणूत सापडण्याची ती पहिली वेळ. रेणूत कुठे, ते केंब्रिजच्या व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये सांगितलं. त्यांनी हिमोग्लोबिनचे ट्रिप्सिनने तुकडे केले, ते कागदावर एका दिशेला विजेने आणि काटकोनातल्या दिशेला द्रावकाने पसरवले आणि कागद रंगवला. तीसेक ठिपक्यांची नक्षी उमटली. निरोगी आणि सिकल, दोन्ही कागद शेजारी ठेवले तर बाकी सगळे ठिपके जागच्या जागी, एकच सरकलेला. आज हीच माहिती जनुकाचं वाचन करून काही तासांत मिळते. पण तो कागद मी दरवर्षी विद्यार्थ्यांना दाखवते, कारण दोन गोष्टी शेजारी ठेवून फरक शोधण्याची शिस्त त्याच्याइतकी स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसत नाही.

पुढचा टप्पा क्ष-किरणांचा. ऑक्सिजन नसलेल्या सिकल हिमोग्लोबिनचा स्फटिक बाल्टिमोरच्या वॉर्नर लव्ह यांच्या गटाने १९७५च्या सुमारास उलगडला. त्यात दिसलं, की ते सहाव्या जागचं व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या एका खळगीत जाऊन बसतं. खळगीत ८५व्या जागचं फिनिलअलॅनिन आणि ८८व्या जागचं ल्युसिन असतं. तिघंही पाण्याला टाळणारी, म्हणून एकमेकांना धरून राहतात. ऑक्सिजन असताना रेणूची ठेवण बदलते आणि हा सांधा नीट जुळत नाही. म्हणून पेशी वाकते ती ऑक्सिजन सोडल्यावर. असे रेणू एकाला एक जुळत गेले की धागे तयार होतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवलं, की एका धाग्यात चौदा पदर असतात. (असा कोणताही आकार प्रसिद्ध करण्याआधी जगभरचे संशोधक तो रामचंद्रन आलेखावर तपासून पाहतात. जी. एन. रामचंद्रन यांनी तो सहकाऱ्यांसह १९६३ साली मद्रासमध्ये मांडला, आणि आपल्याकडच्या शालेय पुस्तकांतून त्यांचं नाव इतक्या क्वचित का भेटतं, हे मला कधीच समजलेलं नाही.)

आता वागण्याकडे येऊ. नळीत शुद्ध सिकल हिमोग्लोबिनचं दाट द्रावण घ्यायचं, सोडियम डायथायोनाइट घालून त्यातला ऑक्सिजन काढायचा आणि नळी बर्फात ठेवायची. द्रावण गडद जांभळट लाल दिसतं आणि नळी तिरकी केली की वाहतं. तीच नळी ३७ अंशांच्या पाण्यात धरली की सुरुवातीला काहीच घडत नाही. विद्यार्थी माझ्याकडे पाहतात. मग अचानक द्रावण थिजतं, नळी उलटी केली तरी थेंब पडत नाही. पुन्हा बर्फात ठेवली की पुन्हा पातळ. गार केल्यावर वाहणारं आणि ऊब दिल्यावर थिजणारं हे द्रावण पहिल्यांदा पाहणाऱ्याला खरं वाटत नाही. कारण असं, की पाण्याला टाळणाऱ्या भागांची ओढ या तापमानांत उष्णतेबरोबर वाढते.

पण खरी गोष्ट आहे ती मधल्या ‘काहीच घडत नाही’ या काळाची. आम्ही त्याला विलंबकाळ म्हणतो.

मिठाईचा घट्ट पाक निवताना बराच वेळ जसाच्या तसा राहतो आणि एकदा कण धरला की बघता बघता सगळा दाणेदार होतो, तसंच इथे घडतं. काही रेणू एकत्र येऊन पहिलं बीज तयार होणं अतिशय दुर्मीळ, कारण अर्धवट जुळलेले रेणू लगेच सुटतात. पण एक धागा तयार झाला, की त्याच्या अंगावरच नवे धागे फुटायला लागतात. त्यामुळे आधी शांतता आणि मग स्फोट. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत विल्यम ईटन आणि जेम्स हॉफ्रिक्टर यांनी १९७०च्या दशकात हा काळ मोजला. प्रथिन जितकं दाट तितका विलंब कमी, हे अपेक्षितच होतं. पण किती कमी? विलंब दाटपणाच्या सुमारे तिसाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. घात म्हटलं की वाचक पान उलटतात, म्हणून आकड्यांत सांगते: दाटपणा पाच टक्क्यांनी वाढला तर विलंब चौपटीहून जास्त घटतो आणि दहा टक्क्यांनी वाढला तर सतरा पटींनी. (फार दाट द्रावणात हा घात उतरतो.) तांबड्या पेशीत दर शंभर मिलिलिटरमागे सुमारे ३४ ग्रॅम हिमोग्लोबिन ठासून भरलेलं असतं. म्हणजे रुग्णाला ताप आला, पाणी कमी पडलं, पेशी किंचित आकसली, की हिशेब पार बदलतो.

पेशीच्या आत हे मोजायचं कसं? इतर पेशींत आम्ही प्रथिनाला जेलीफिशकडून मिळालेलं हिरवं चमकणारं प्रथिन जोडतो आणि त्याचा प्रवास सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो. त्या तंत्रालाही २००८ साली नोबेल मिळालं. पण परिपक्व तांबड्या पेशीला केंद्रकच नसतं, तिच्यात नवं जनुक घालण्याचा प्रश्न येत नाही. सुदैवाने हिमोग्लोबिन स्वतःच रंगीत असतं. ते जांभळा प्रकाश किती शोषतं त्यावरून एकेका पेशीतला दाटपणा मोजता येतो. घड्याळ सुरू करण्याची युक्ती तर फारच देखणी आहे. हिमोग्लोबिनला आधी कार्बन मोनॉक्साइड चिकटवायचा, म्हणजे धागे होत नाहीत. मग एकाच पेशीवर लेसर टाकायचा. वायू सुटतो, रेणू रिकामा होतो, आणि त्या क्षणापासून धागे तयार होऊन प्रकाश विखुरायला लागेपर्यंतचा वेळ मोजायचा. एकाच माणसाच्या रक्तात काही पेशींना मिलिसेकंद पुरतात, काहींना कित्येक सेकंद लागतात. सरासरी पेशी नावाची पेशी कुणाच्याच शरीरात नसते.

इथे एक वाद सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, कारण माझी सगळी कारकीर्द त्याच्या सावलीत गेली. बेथेस्डाच्याच आवारात कॉन्स्टन्स नोगुची आणि अ‍ॅलन शेक्टर यांनी १९८०च्या सुमारास अणुकेंद्रकीय चुंबकीय अनुनादाने अखंड पेशींतले धागे मोजले. सुटा रेणू पटापट गिरक्या घेतो, धाग्यात अडकलेला घेऊ शकत नाही, त्यामुळे दोघांचे संकेत वेगळे येतात. त्यांना दिसलं, की ऑक्सिजन बऱ्यापैकी भरलेला असतानाही पेशीत थोडे धागे असतात. त्यांचं म्हणणं असं, की आजाराची तीव्रता ठरते ती किती धागे आहेत यावर. ईटन यांचं म्हणणं, की ते ठरतं धागे व्हायला किती वेळ लागतो यावर. पेशी केशवाहिनीतून सुमारे एका सेकंदात पार होते, आणि विलंब त्याहून मोठा असेल तर ती अरुंद जागेतून सुटून फुप्फुसात परत पोचते. १९८७ साली आंद्रेया मोत्झारेल्ली यांच्यासह त्यांनी दाखवलं, की बहुतेक पेशी या विलंबामुळेच वाचतात. मी ईटन यांच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. धाग्यांचं प्रमाण सदैव समतोलाला पोचत असतं तर हे रुग्ण लहानपणापलीकडे जगलेच नसते. मात्र नोगुची-शेक्टर यांची एक गोष्ट मला सोडता येत नाही. ज्या पेशीत फुप्फुसातून निघतानाच एखादा धागा शिल्लक असतो तिला विलंबाची सवलत मिळतच नाही, तिचं बीज तयारच असतं. अशा पेशी थोड्या असतात, पण वेदनेची लाट त्यांच्यापासून सुरू होते का, हे मला अजूनही ठामपणे सांगता येत नाही.

आता त्या मुलीचा प्रश्न. वाहकाच्या पेशीत सिकल हिमोग्लोबिन साधारण ३५ ते ४० टक्के असतं, बाकीचं बहुतेक निरोगी. धाग्यात जाऊ शकणाऱ्या रेणूंचा दाटपणा निम्म्याहून खाली आला, त्यावर तो तिसावा घात लावा. विलंब इतका लांबतो, की पेशी केशवाहिनी ओलांडून फुप्फुसात परत जाते, पुन्हा ऑक्सिजन घेते, आणि बीज धरायला सवडच मिळत नाही. तिच्या पेशी ‘अजून’ वाकल्या नाहीत असं मुळीच नाही. त्यांना शरीरात वाकायला वेळच मिळत नाही, आज नाही आणि साठाव्या वर्षीही नाही. अपवाद ठाऊक आहेत. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात, तिथे पेशी आकसते, म्हणून काही वाहकांच्या लघवीत कधीतरी रक्त दिसतं. कडक उन्हात पाण्याविना अतिश्रमही टाळायला हवेत. प्रश्न उभा राहतो तो जोडीदारही वाहक असेल तर, कारण तेव्हा प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारात एक असते. म्हणूनच मुलाचं रक्त तपासायला हवं होतं. शिबिरांत बहुधा आधी होणारी सोल्युबिलिटी चाचणी वाहक आणि रुग्ण यांच्यात फरक करू शकत नाही. नळी गढूळ झाली म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे, इतकंच कळतं. पुष्कळदा पुढची, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी होण्याआधीच गावभर बोभाटा होतो आणि तो नेहमी मुलीचाच होतो, याचा मला संताप येतो.

दुसरा गैरसमज डॉक्टरांतलाही आहे: भारतातला सिकलसेल सौम्य असतो. आपल्या रुग्णांत बालपणीचं हिमोग्लोबिन एफ मोठेपणीही बरंच टिकून राहतं हे खरं, आणि ते उपयोगी असतं हेही खरं. त्याच्या गॅमा साखळीत ८७व्या जागी ग्लुटामिन असतं, त्यामुळे एक साखळी एफची आणि एक सिकलची असा मिश्र रेणूसुद्धा धाग्यात शिरत नाही. निरोगी प्रौढ हिमोग्लोबिनचा मिश्र रेणू मात्र अर्धवट शिरतो. हायड्रॉक्सीयुरिया ही गोळी काम करते ती मुख्यतः हेच एफ वाढवून, आणि पेशी फुगवून दाटपणा थोडा उतरवून. पण एफ वीस टक्के म्हणजे प्रत्येक पेशीत वीस टक्के असा अर्थ होत नाही. काही पेशी भरलेल्या असतात, काही कोरड्या. नागपुरात मुलांचे वॉर्ड पाहणाऱ्यांनी वेदना आणि वारंवार रक्त द्यावं लागणं यांची नोंद करून ठेवली आहे. सरासरीवर विसंबून आजाराला सौम्य म्हणणं त्या मुलांवर अन्याय आहे.

नुसत्या आकारावर भिस्त ठेवल्याचं काय होतं, ते व्हॉक्सेलोटोर या औषधात दिसलं. हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीला नेमकी चिकटणारी सुंदर रचना, २०१९ साली अमेरिकेत मान्यता. रक्तातलं हिमोग्लोबिन वाढलं, पण वेदनेचे झटके ठोसपणे कमी झाल्याचं दिसलं नाही, आणि सप्टेंबर २०२४मध्ये कंपनीने ते जगभरातून मागे घेतलं. ऑक्सिजन घट्ट धरून ठेवलेला रेणू धागा करत नाही, पण तो ऑक्सिजन स्नायूला देतही नाही.

म्हणून आता औषध शोधताना थेट पेशी वाकायला लागणारा वेळ मोजतात. ईटन यांच्या गटाने २०२२ साली इतर आजारांसाठी तयार झालेली बारा हजारांहून अधिक संयुगं अशी तपासली: वाहकांच्या रक्ताचे थेंब, भोवती नायट्रोजन, आणि एकामागोमाग एक छायाचित्रं. बरीच संयुगं पेशी वाकणं लांबवतात असं निघालं, जरी त्यांतल्या अनेकांना लागणारी मात्रा माणसाला देण्याजोगी नाही. हे काम ताज्या रक्तावरच होतं, आणि ताजं रक्त गडचिरोली, गोंदिया, नंदुरबारला आहे. एफ जास्त असलेल्या आपल्या रुग्णांच्या एकेका पेशीचा विलंबकाळ अशा मोठ्या प्रमाणावर मोजायला हवा. त्याला लागतो एक चांगला सूक्ष्मदर्शक, नायट्रोजनची टाकी, कॅमेरा आणि दोन प्रशिक्षित माणसं. यासाठीचा माझा प्रस्ताव एका निधी देणाऱ्या कार्यालयाकडून परत आला, त्यावर शेरा होता की या प्रथिनाची रचना आधीच ज्ञात आहे. तो प्रस्ताव मी पुन्हा लिहिते आहे. या वेळी पहिल्या पानावर रचनेचं चित्र नाही, काळाचा आलेख आहे.