सामरीचे चार हात

आपल्या आवडीनिवडी चारचौघांत सांगताना माणसाने थोडे जपून असावे, असे माझ्या पत्नीचे मत आहे. कोणाला बासरी आवडते, कोणाला मोगरा आवडतो, कोणाला पहाटेचा गारवा आवडतो. अशा आवडी सांगितल्या की समोरच्याचे आपल्याविषयीचे मत सुधारते. मला वाईट चित्रपट आवडतात. साधेसुधे वाईट नव्हेत. ज्यांत पुठ्ठ्याचे थडगे वाऱ्याने हलते, भुताच्या दाढीचा डिंक सुटतो आणि तबकडीला बांधलेला दोरा स्पष्ट दिसतो, असे चित्रपट मी भक्तिभावाने पाहतो.

दोन वर्षांपूर्वी माझ्या कन्येने या भक्तीला एक देऊळ बांधून दिले. तिने जेवणाच्या टेबलावर एक मायक्रोफोन आणून ठेवला आणि मला पॉडकास्ट नावाचा उद्योग लावून दिला. दर पंधरवड्याला एक चित्रपट पाहायचा, त्याच्यावर गप्पा मारायच्या, आणि दर वेळी जोडीला एक नवा पाहुणा घ्यायचा, असा हा बेत. पाहुण्यासाठी माझी एकच अट होती. त्याला चित्रपटातले काही कळता कामा नये. ही अट पाळणारे लोक आमच्या सोसायटीत मुबलक आहेत.

पहिले पाहुणे दंतवैद्य होते. त्यांना मी १९३१ सालचा 'ड्रॅक्युला' दाखवला. बेला लुगोसीचा तो गाजलेला सरदार काळ्या झग्यात जिने उतरत होता, आणि आमचे वैद्यबुवा खुर्चीच्या कडेला येऊन बसले होते. तासाभराने ते म्हणाले, "याचे सुळे कुठे आहेत?" मी हा चित्रपट पाच वेळा पाहिला आहे. पण रक्तपिपासूंच्या या मूळपुरुषाने साऱ्या चित्रपटात एकदाही सुळे दाखवलेले नाहीत, हे मला कळायला दंतवैद्य घरी यावा लागला. पुढे मी त्यांना १९२२ सालचा जर्मन 'नोस्फेराटू' दाखवला. त्यातल्या पिशाच्चाचे दात उंदरासारखे अगदी समोर आहेत. "असे दात असतील तर माणसाला 'फ' म्हणता येणार नाही," वैद्यबुवांनी शंका काढली. तो मूकपट आहे, असे सांगितल्यावर त्यांचे समाधान झाले.

दुसऱ्या एका पाहुण्याने मात्र माझी चांगलीच जिरवली. हे गृहस्थ तीस वर्षे गणेशोत्सवात नाटके बसवत आहेत. त्यांना मी एड वुड या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस' दाखवला. जगातला सर्वांत वाईट चित्रपट असा त्याचा लौकिक आहे. लुगोसी १९५६ साली वारला, तेव्हा त्याची अवघी काही मिनिटांची दृश्ये वुडच्या हाती होती. त्याने त्यांच्याभोवती अख्खा चित्रपट रचला आणि उरलेल्या कामासाठी आपल्या बायकोच्या हाडवैद्याला उभे केले. हा वैद्य लुगोसीपेक्षा चांगलाच उंच होता. म्हणून तो चित्रपटभर झग्याने तोंड झाकून फिरतो. मी पोट धरून हसत होतो. पाहुणे हसले नाहीत. म्हणाले, "आमच्या नाटकात दुसरा अंक संपता संपता नायकाच्या पोटात कळ आली. तिसऱ्या अंकात आम्ही प्रॉम्प्टरला उपरण्याने तोंड झाकून उभा केला. हसण्यासारखं काय आहे त्यात? खेळ तर पुरा करायला हवा ना?"

तो भाग ऐकताना मला माझे हसणे जरा जास्तच मोठे वाटले.

एका रविवारी पत्नी म्हणाली, "आता तुमचा तो सामरी घ्या. आणि पाहुणे म्हणून भावोजींना बोलवा."

मी काही बोललो नाही. दादाशी माझे तीन वर्षे बोलणे नव्हते. साताऱ्यातला आमचा वाडा विकावा, असे माझे म्हणणे आणि विकू नये, असे त्याचे. यात गैर कोणाचेच नव्हते. पण वाटणीच्या बैठकीत मी म्हणालो, "तुला फुकट राहायला मिळतं, म्हणून तुला वाडा हवा आहे." आईवडिलांची शेवटची आजारपणे त्याच वाड्यात दादाने आणि वहिनींनी काढली होती. दादा उठून आत गेला. त्यानंतर आमची भेट फक्त श्राद्धाला होत असे, आणि तिथे बोलण्याचे काम गुरुजी करीत.

सामरीचे आमच्या घराशी जुने नाते आहे. तुलसी आणि श्याम रामसे यांचा 'पुराना मंदिर' १९८४ साली निघाला. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत तो आमच्या गावात लागला. मी दहा वर्षांचा, दादा चौदाचा. तिकिटाच्या पैशांसाठी आम्ही वडिलांनी माळ्यावर जपून ठेवलेले जुने दिवाळी अंक रद्दीत घातले. (संपादकांनी क्षमा करावी.) मंत्रतंत्र करणाऱ्या दुष्ट सामरीचे शिर धडावेगळे करून दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात आणि तो राजघराण्याला शाप देतो, एवढे मला समजले. पुढे तो उठला. तेव्हा दादाने माझ्या डोळ्यांवर हात ठेवला, तो शेवटपर्यंत काढला नाही. रात्री गच्चीवर अंथरुणात पडल्या पडल्या त्याने मला उरलेला चित्रपट सांगितला. सामरीला चार हात होते, तो भिंतीतून आरपार जात होता आणि त्याने एक म्हैस उचलून विहिरीत टाकली. अंकांची चोरी उघडकीला आली तेव्हा दादाने "मी एकट्यानं विकले" असे सांगितले आणि मारही एकट्याने खाल्ला.

फोन केला. "दादा, सामरी पाहायला येतोस का?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "वसुबारसेला येतो. तुझी वहिनी चकल्या देते आहे."

तो आला. पिशवी पत्नीच्या हाती दिली आणि पाहुण्यासारखा खुर्चीवर बसला. कन्येने मायक्रोफोन चालू केला. मी गळा साफ करून तयार केलेली माहिती वाचू लागलो. रामसे यांच्या वडिलांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. त्यांना सात मुलगे. १९७० साली काढलेला त्यांचा एक चित्रपट पडला. पण त्यातल्या मुखवटा घातलेल्या चोराच्या प्रसंगाला प्रेक्षक दचकतात, हे मुलांनी हेरले आणि १९७२ साली 'दो गज़ ज़मीन के नीचे' हा भुताचा चित्रपट काढला. सारे कुटुंब आणि नटमंडळी महाबळेश्वरला जाऊन राहिली. एका भावाने कॅमेरा धरला, एकाने ध्वनी सांभाळला, एकाने कथा लिहिली, एकाने संकलन केले, दोघे दिग्दर्शनाला...

"सात भाऊ?" दादाने मध्येच विचारले. "आणि सगळे एकत्र?"

"हो."

"महाबळेश्वरला. म्हणजे आपल्या गावावरूनच गेले असतील," तो म्हणाला आणि गप्प झाला. मीही गप्प झालो. मायक्रोफोनचा बारीक लाल दिवा तेवढा जागा होता.

चित्रपट सुरू झाला. सामरी उठला तेव्हा माझ्या लक्षात आले की दादा खिडकीबाहेर पाहतो आहे. वय वर्षे पंचावन्न, डोक्यावर पांढरे केस. त्याने हळूच विचारले, "गेला का रे?"

"दादा," मी म्हणालो, "हा चित्रपट मी तीनदा पाहिला. त्याचे चार हात मला अजून सापडलेले नाहीत. म्हैसही नाही."

दादा खिडकीकडे पाहतच म्हणाला, "मला तरी कुठे दिसले? माझा एक हात तुझ्या डोळ्यांवर होता, दुसरा माझ्या. कानांना बोट लावायला हात उरला नव्हता, म्हणून आवाज तेवढे ऐकले."

"मग गच्चीवर सांगितलेली गोष्ट?"

"तू झोपत नव्हतास. काहीतरी सांगायला हवं होतं."

म्हणजे मी आयुष्यात ऐकलेले पहिले चित्रपट-परीक्षण चित्रपट न पाहता केलेले होते. ही परंपरा समीक्षेत नवी नाही. पण चित्रपटापेक्षा परीक्षण सरस असण्याचा तो प्रसंग दुर्मिळच. मी इतकी वर्षे थट्टेसाठी पाहुणे जमवीत होतो. ज्याने मला पहिल्यांदा अंधारात शेजारी बसवले, त्याला बोलवायचे तेवढे राहिले होते.

"दादा, त्या बैठकीत मी जे बोललो..."

"अरे, तो बघ गेला का आधी," दादा म्हणाला. "मग बोल."

सामरी गेल्यावर मी बोललो. काय बोललो, ते इथे लिहीत नाही. कन्येने त्या दिवशीचे ध्वनिमुद्रण ऐकवले तेव्हा त्यात परीक्षण जेमतेम दहा मिनिटांचे निघाले. उरलेल्या दीड तासात दोन प्रौढ माणसे चकल्या खात एकमेकांना माळ्याची, विहिरीची आणि वडिलांच्या छडीची आठवण करून देत आहेत. तो भाग आम्ही प्रसिद्ध केला नाही.

वाड्याचा प्रश्न सुटलेला नाही. दादाला तो अजून हवा आहे आणि मला अजून परवडत नाही. पण भाऊबीज झाली की मी साताऱ्याला जाणार आहे. कागदपत्रे गच्चीवर बसूनच पाहू, असे दादा म्हणाला आहे. जाताना मी एक भुताचा चित्रपट घेऊन जाणार आहे. डोळे कोणी मिटायचे, ते तिथे ठरवू.