सोळा चढाया

कबड्डीत आकडे बघणारा माणूस म्हणजे लग्नात उठलेली पानं मोजणारा, असं मी म्हणायचो. वाक्य माझं स्वतःचं. मेघवाडीच्या नाक्यावर सलूनबाहेरच्या बाकावर बसून ते इतक्या वेळा टाकलं होतं, की मी लांबून दिसलो तरी पोरं आपसांत म्हणायची, ‘पानं मोजू नका रे, काका आले.’ मला त्याचा राग यायचा नाही. उलट बरं वाटायचं.

माझी नोकरी पाण्याचे मीटर वाचायची. दिवसभर चाळींच्या मागे, इमारतींच्या तळाशी वाकून आकडे टिपायचे आणि संध्याकाळी खेळ बघताना पुन्हा आकडेच? शिवाय मी स्वतः खेळलेला. जोगेश्वरीत, लाल मातीत. गुडघ्यावरचे वण अजून आहेत. उजव्या बाजूने चढाईला जायचो, चेस्ट नंबर सात. खेळलेल्या माणसाला कोण भारी ते डोळ्यांनी कळतं, त्याला यादी लागत नाही, हा माझा ठाम समज होता.

26 जुलै 2014 ला वरळीत प्रो कबड्डी सुरू झाली, तेव्हा मॅट, बूट, दिवे बघून आम्ही जुने लोक नाकं मुरडत होतो. पण पहिलाच सामना यू मुंबाचा. अनुप कुमार चढाईला गेला, निदान रेषेच्या अलीकडे-पलीकडे नुसता पाय फिरवत राहिला, कोपऱ्यावरच्या पोराकडे बघून हसला आणि बोनस घेऊन परत आला. मी सलूनवाल्याला म्हटलं, आवाज वाढव. त्या मोसमात अंतिम सामना जयपूरने 35-24 असा मारला. पुढच्या वर्षी बंगळुरूला 36-30 हरवून चषक आमच्याकडे आला, त्या रात्री नाक्यावर फटाके वाजले. डाव्या कोपऱ्यावर सुरेंदर नाडा, उजव्यावर मोहित छिल्लर, मध्ये जीवा कुमार आणि आपला विशाल माने. ती साखळी आठवली की अजून बरं वाटतं.

भांडणं खरी पेटली 2017 मध्ये. संघ बारा झाले, सामने वाढले आणि पाटण्याच्या प्रदीप नरवालने एकाच मोसमात चढायांचे 369 गुण घेतले. हरयाणाविरुद्ध एका सामन्यात 34, त्यात एकाच चढाईत आठ. पोरं मोबाइल माझ्या नाकासमोर धरायची. ‘काका, अनुप कुठे, प्रदीप कुठे?’ मी म्हणायचो, अरे अनुप संघ चालवतो, तो कधी जायचं आणि कधी नुसतं फिरून यायचं हे जाणतो, ते तुमच्या डबड्यात दिसत नाही. रिशांक देवाडिगाने त्याच वर्षी एका सामन्यात 28 गुण घेतले तेव्हा मात्र तो आकडा मीच नाक्यावर ओरडून सांगितला होता. आपल्या मुंबईच्या पोराचा आकडा म्हणजे आकडा नव्हे, अभिमान. पुढच्या जानेवारीत त्याच्याच कप्तानीखाली महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद आणलं, तेव्हा तर विचारूच नका.

पहिला खिळा घरातूनच हलला. धाकटी मुलगी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होती आणि मंडळाच्या मुलींच्या संघाचं गुणलेखन बघायची. 2019 चा मोसम नुकताच सुरू झाला होता. सिद्धार्थ देसाई आदल्या वर्षी यू मुंबासाठी 218 गुण घेऊन तेलुगू टायटन्सकडे 1 कोटी 45 लाखांना गेला होता आणि मी जेवताना त्यावर तोंडसुख घेत होतो. ती म्हणाली, ‘बाबा, तुम्हाला अनुप का आवडायचा?’

म्हटलं, बाद व्हायचा नाही.

‘मग तोही आकडाच आहे. शंभर चढायांत किती वेळा बाद न होता परत आला. नॉट आउटचे टक्के. तुम्ही शिव्या घालता त्या तक्त्यात गुणांच्या शेजारच्याच रकान्यात असतो.’

मी आमटी वाढून घेतली. रिकामी चढाई ही माझ्या लेखी कबड्डीतली सगळ्यांत कमी कदर झालेली गोष्ट. पुढे असताना तीस सेकंद खाऊन हातपाय शाबूत घेऊन परत येणं ही कला आहे. प्रो कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्यामुळे ती कला महाग झाली, संपली नाही. पण तिची नोंद कुठे होत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या रविवारी तिने मला एक इंग्रजी सिनेमा दाखवला, बेसबॉलवरचा. तो खेळ मला आजही धड कळत नाही. पण ओकलंडचा एक गरीब संघ 2002 मध्ये असे खेळाडू गोळा करतो, जे मोठे फटके मारत नाहीत, नुसते बाद न होता पहिल्या बेसपर्यंत पोचतात, एवढं कळलं. वर्षानुवर्षं चेंडू सोडून बेसवर जाणारा माणूस फलंदाजीच्या सरासरीत दिसतच नव्हता म्हणे. तो संघ सलग वीस सामने जिंकला. मी म्हटलं, अरे, हे तर अनुपचंच!

इथपर्यंत ठीक होतं. आकड्याने माझीच बाजू घेतली होती आणि आपली बाजू घेणारा साक्षीदार कोणाला आवडत नाही? पुढचं सांगायला जड जातं.

आमच्या मंडळाची खोली ज्या चाळीत, ती पुनर्विकासाला गेली. ऑगस्टमध्ये खोली रिकामी करताना पत्र्याची ट्रंक निघाली. ढाली, गंजलेल्या शिट्ट्या, गणपतीच्या वर्गणीची पुस्तकं आणि खाली अकरा शंभरपानी वह्या. आमचे गुणलेखक भाऊ, आता नाहीत, त्यांच्या. टेबलावरच्या अधिकृत गुणपत्रकावर धावता गुणफलक असायचा, पण भाऊ शेजारी स्वतःची वही उघडून प्रत्येक चढाई लिहीत. कोणासाठी, ते कोणी विचारलं नाही. बॉलपेन, बारीक अक्षर, डावीकडे चेस्ट नंबर, पुढे खूण. रेघ म्हणजे रिकामा परत, टिंब म्हणजे मारलेला गडी, फुली म्हणजे पकडला गेला. पकडीच्या फुलीखाली ज्याने धरलं त्याचा नंबर. मुलीने वह्या घरी आणल्या आणि दोन रात्री त्यांच्यावर पालथी पडली होती.

त्यात 1993 चा अंतिम सामना होता.

त्या सामन्याची गोष्ट मी सव्वीस वर्षं सांगत आलो. उपनगरातली मोठी स्पर्धा, मैदानाभोवती बांबू, बाया-माणसं पत्र्यावर चढलेली. शेवटचं मिनिट, बरोबरी. समोरचा चढाईपटू आत आला, आणि आमच्या डाव्या कोपऱ्याने घाई केली. थांबायचं सोडून घोट्यावर झेप टाकली, घोटा निसटला, मदतीला गेलेला मध्यरक्षकही गेला, दोन गुण, सामना संपला. ‘मी एका चढाईत दोघांना मारून बरोबरी आणली होती आणि या गड्याने घालवलं.’ हे वाक्य मी लग्नात, बारशात, मंडळाच्या वाढदिवसाला, एकदा तर माइकवरून सांगितलं. तो समोर बसला होता. हसला होता. त्यानंतर दोन वर्षांत त्याने खेळ सोडला, पुढे नालासोपाऱ्याला घर घेतलं आणि गणपतीला यायचंही बंद केलं. लांब पडतं म्हणून, असं आम्ही धरून चाललो.

मुलीने पान उघडून समोर ठेवलं आणि ती काही बोलली नाही. ते बरं केलं.

सातपुढे सोळा खुणा. मी बोटाने मोजल्या, मग पेन्सिलने. आठ रेघा. पाच फुल्या. उरलेल्या तीन चढायांपैकी एकीत दोन टिंबं, ती माझी सुप्रसिद्ध चढाई. दुसरीत एक. तिसरीपुढे भाऊंनी नुसतं ‘वेळ’ लिहिलं होतं, म्हणजे मध्यंतराची शिट्टी. सोळा चढायांत तीन गुण. पाच वेळा पकडला गेलो आणि त्यातल्या शेवटच्या खेपेला मैदानात मी एकटाच होतो, म्हणजे लोण माझ्या अंगावर चढला. पाच आणि लोणाचे दोन, सात गुण मी दिले, तीन आणले. आमच्या संघाने त्या सामन्यात एकूण आठ पकडी केल्या होत्या. आठपैकी सहा फुल्यांखाली एकच नंबर. चार. डावा कोपरा.

आणि बरोबरी नव्हतीच. शेवटच्या चढाईआधी भाऊंनी समासात लिहिलं होतं 19-21. आम्ही दोन गुणांनी मागे. तो थांबला असता तर समोरच्याने तिथेच वेळ काढून सामना नेला असता. त्याला झेप टाकणं भागच होतं. पकड झाली असती तर 20-21, आणि उरलेल्या सेकंदांत आमची एक चढाई तरी झाली असती. ती बहुधा मीच केली असती. पुढचं न बोललेलं बरं.

मीटर जास्त पळतो म्हणून तक्रार करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली. ‘साहेब, आम्ही एवढं पाणी वापरतच नाही.’ मी त्यांना टाकीची गळती दाखवायचो तेव्हा त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा माझा त्या रात्री झाला असणार. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का. मी हो म्हटलं.

खोटं मी बोललो नव्हतो. मला खरंच तसं आठवत होतं. डोळ्यांनी पाहिलेलं, अंगावर घेतलेलं, आणि तरी सोळातली एक चढाई ठेवून बाकी पंधरा मी कधी सांडल्या ते मला कळलं नाही. डोळ्यांना कळतं असं सांगणाऱ्या माणसाच्या डोळ्यांची ही गत. आकड्यात सगळं मावतं असं मी अजूनही म्हणत नाही. डाव्या कोपऱ्याच्या धाकाने चढाईपटू उजवीकडेच फिरत राहतो, त्या धाकाला भाऊंच्या वहीतही खूण नव्हती. पण ‘तक्त्यात दिसत नाही’ हे मी ज्या तोऱ्यात म्हणायचो, तो तोरा गेला. तक्त्यात न दिसणारं मला तरी कुठे दिसलं होतं?

गणपतीच्या आधीच्या रविवारी गेलो. जोगेश्वरीला फास्ट थांबत नाही, म्हणून बोरिवलीपर्यंत स्लो, तिथून विरार. वही पिशवीत, वर पाव किलो पेढे. दार वहिनींनी उघडलं. तो बनियनवर बसला होता, पोट सुटलेलं, टीव्हीवर आदल्या रात्रीचा सामना पुन्हा दाखवत होते. मी चहा यायच्या आत बोलून टाकलं, नाहीतर बोललोच नसतो. वही उघडून 1993 चं पान त्याच्या मांडीवर ठेवलं. म्हटलं, माझी चूक झाली, सव्वीस वर्षं झाली, माइकवरून झाली.

त्याने चष्मा शोधला. बराच वेळ पान बघत राहिला. मला वाटलं, आता एक तर रडेल नाहीतर हाकलेल.

‘सहा?’ तो म्हणाला.

‘सहा. आठातल्या.’

‘सात होत्या.’ त्याने पानावर बोट आपटलं. ‘मध्यंतरानंतर तो उंच पोरगा, पांढरी बनियन, त्याला मी धरला. भाऊंनी दोन नंबरच्या नावावर टाकलाय. दोन नंबर मागून आला रे, नुसता अंगावर पडला. धरला मी.’

‘भाऊ टेबलावर होते. त्यांना समोरून दिसत होतं.’

‘टेबल उजव्या हाताला होतं. माझा कोपरा त्यांना आडवा दिसायचा. तू काय सांगतोस, तू तर बाहेर बसला होतास, बाद होऊन.’

मी पेन्सिल काढली. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दुसऱ्या डावातल्या चढाया पहिल्यापासून मोजायला घेतल्या होत्या.