डोळ्यांवर न येणारी गाडी

भिलाईत रात्र पुरती उतरतच नाही. स्लॅग ओतला की पोलाद कारखान्यावरचं आभाळ लालसर उजळतं आणि खुर्सीपारच्या गल्ल्यांत त्या उजेडाला कुणी ना कुणी जागं असतंच. कुणी सकाळी सहाच्या पाळीसाठी डबा भरतो, कुणी दोनची पाळी संपवून ओट्यावर पाय पसरतो, तर रात्रपाळीवाला भर दुपारी खिडकीला चादर लावून झोपतो. इथं दुपारी झोपणाऱ्याला कुणी आळशी म्हणत नाही आणि रात्री दोनला रस्त्यावर दिसणाऱ्याला कुणी हटकत नाही. गाडीत राहण्याचा विचार सुचावा तर अशाच गावात.

मी मिक्सर, इस्त्र्या, पंखे, शेगड्या दुरुस्त करतो. या धंद्यात एका जागी बसून पोट भरत नाही. पॉवर हाउस, सुपेला, चरोदा, जिथं गिऱ्हाईक तिथं जावं लागतं. वडील कारखान्यात होते तोवर डोक्यावर क्वार्टर होतं. निवृत्तीबरोबर ते सुटलं आणि आईबाबा भंडाऱ्याकडे गावी परतले. माझ्या वाट्याला दोन भाडी उरली, खोलीचं आणि दुकानाचं. दोन्ही एकाच चार चाकांवर चढवावीत, एवढाच हिशेब.

पण गाडीत राहणं दिसता कामा नये. यात लाजेचा भाग थोडा आणि धंद्याचा जास्त. ज्याला घर नाही त्याच्या हाती बाई आपला मिक्सर कशी सोडेल? तो उद्या इथं असेल याची खात्री काय? म्हणून दिवसा गाडी दुकान दिसली पाहिजे आणि रात्री नुसती उभी असलेली गाडी.

मग मी गाड्यांकडे बघायला लागलो, उपवर मुलीचा बाप स्थळांकडे बघतो तसा. छोटा हाथी, म्हणजे 2005 साली आलेला टाटा एस, स्वस्त आणि काटक. पण त्याची केबिन वेगळी, मागचा डबा वेगळा. मध्यरात्री निघायची वेळ आली तर अंथरुणातून स्टीअरिंगपर्यंत जायला रस्त्यावर उतरावं लागणार, आणि उतरलं की दिसलंच. ट्रॅव्हलरमध्ये ताठ उभं राहता येतं, हे सुख मोठं. पण ती रिकामी उभी दिसली की कुणी ना कुणी विचारणारच, ‘वरातीला जाणार का?’ 1984 साली रस्त्यावर आलेल्या मारुती व्हॅनचं, म्हणजे पुढच्या ओम्नीचं, उत्पादन 2019 साली थांबलं. सरकता दरवाजा, अरुंद गल्लीत मावणारी अंगलट, सगळं मनासारखं. इंजिन मात्र पुढच्या सीटखाली. मित्राच्या ओम्नीत काही रात्री काढल्या, तेव्हा दिवसभर पळालेलं ते इंजिन पहाटेपर्यंत आपली ऊब सोडत राहिलं. 2010 च्या ईकोचं इंजिनही तिथंच; पण तिचा मालवाहू अवतार मागे बिनकाचेचा मिळतो. काच नाही म्हणजे डोकावणारे डोळे नाहीत. पण वाराही नाही.

आमच्या दुर्ग जिल्ह्यातल्या मे महिन्यात लपण्यापेक्षा श्वास घेणं महत्त्वाचं. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्र उलटली तरी थंड होत नाही. छताला झरोका हवाच, आणि तो दिसू नये म्हणून वर कॅरिअर, कॅरिअरवर शिडी आणि वायरचं भेंडोळं. कामाच्या गाडीला शिडी शोभते. बंद गाडीत शेगडी मात्र पेटवायची नाही. तिचा विषारी वायू नाकाला कळत नाही आणि झोपलेला माणूस उठत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच: नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारे बदल मनाने करायचे नाहीत. म्हणून पलंग ठोकायचा नाही. अवजारांच्या पेट्याच अशा रचायच्या की रात्री त्यांवर गादी पसरता येईल.

हे सगळं जुळवताना गाडिया लोहार आठवतात. घर आणि धंदा एकाच चाकांवर वाहण्याची विद्या त्यांच्याइतकी कुणाकडे असेल? भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी झाला तो फेब्रुवारी 1955 मध्ये, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नेहरू या भटक्या लोहारांना घेऊन चितोडगडावर गेले. चितोड परत मिळेपर्यंत घर बांधायचं नाही, ही त्यांच्या पूर्वजांची शपथ तिथं फिटली असं म्हणतात. तरी पुष्कळ जण बैलगाडीतच राहिले. ती गाडी पितळी खिळ्यांनी मढवलेली, लपणं तिला ठाऊकच नाही. भाता रस्त्याकडेला फुंकायचा, चूल त्याच्याशेजारी, लेकरं गाडीखाली. गाडीच त्यांची पाटी होती. आज गिऱ्हाईक पक्का पत्ता विचारतं, म्हणून मला गाडीतलं घर पेट्यांमागं दडवावं लागतं.

दडवता येतं तेही बेताचंच. खुर्सीपार गेटकडच्या टपरीवरच्या अम्मांनी चहाचा ग्लास पुढे करत एकदा सरळच विचारलं, ‘यहीं सोते हो ना बेटा?’ मी मान हलवली. त्यांनी गाडी लावायला दिव्याखालची जागा सोडून कडुनिंबाखालची दाखवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. तेलुगू, ओडिया, मराठी, बिहारी, छत्तीसगढी अशी माणसं कारखान्याच्या मागे इथं येऊन वसली. कोण कुठं का झोपतं, याची विचारपूस करायला त्यांना उसंत नसते, पण खबर असते.

तेव्हा अशी गाडी शोधत असाल तर पांढरी घ्या, जुनी घ्या, धुऊन लखलखीत ठेवू नका, आणि अंथरुणातून थेट स्टीअरिंगपर्यंत जाता येईल अशीच घ्या. झरोक्यावर खर्च करा, पडद्यांवर नको. आणि गल्लीतल्या एका तरी माणसाला खरं सांगून ठेवा. मेच्या रात्री जीव घाबरा झाला तर दार ठोठावायला तोच येणार आहे.