पकड, गिरफ़्त आणि एक जुनी माझदा

'पकड' या शब्दाला उर्दूत काय म्हणाल, असं वर्गात विचारलं की मुलं 'गिरफ़्त' सांगतात आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच हातकडीची खूण करून दाखवतं. गिरफ़्तारीतला गिरफ़्त तोच, त्यामुळे मीही रागावत नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत या शब्दाशी माझं काम एवढंच होतं. मोटारीची पकड म्हणजे काय, ते शिकायला मला शारजाला धाकट्या भावाकडे जावं लागलं.

कोकणी मुसलमानाच्या घरातला एक मुलगा आखातात असणं ही काही बातमी नाही. आमचा मात्र तिथे जाऊन सोनं घेण्याऐवजी एक जुनी स्पोर्ट्स कार घेऊन बसला. माझदा एमएक्स-५, १९९१ चं मॉडेल. दोनच माणसं बसतात, छप्पर हाताने मागे सारायचं, आणि पुढचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. अम्मीने फोटो पाहून विचारलं, "बाकीची गाडी कुठे आहे?"

ही गाडी १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. तोशिहिको हिराई यांच्या हाताखालच्या माणसांनी ती घडवताना एक जपानी शब्दप्रयोग समोर ठेवला होता, 'जिनबा इत्ताई'. म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. भावाने हे मोठ्या अभिमानाने सांगितलं तेव्हा मी त्याला म्हटलं, आपल्याकडे यासाठी दोन अक्षरांचा शब्द आहे, मांड. मांड पक्की असली की लगाम ओढावा लागत नाही. १६०० सीसीचं लहानसं इंजिन, हजार किलोच्या आतलं वजन, ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं, आणि ताकद मागच्या चाकांना. कागदावर तरी मांड पक्की होती.

कागदाबाहेर काय झालं ते भावजयीने सांगितलं, भावाने नाही. त्याआधीच्या हिवाळ्यात पावसाची एक सर पडून गेली होती. तिथे महिनोन्महिने पाऊस नसतो, मग पहिल्या सरीत रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून साबण तयार होतो. गोल चौकात वळताना समोर एक व्हॅन थांबली, भावाने दचकून अॅक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला आणि गाडीची मागची बाजू पुढे आली. दीड गिरकी. कुणाला लागलं नाही. पण बाजूच्या सीटवर भावजय होती आणि तिच्या मांडीवर डब्यात पाच माणसांची बिर्याणी. ती मला शांतपणे म्हणाली, "बाजी, ही गाडी नीट तरी करायची, नाहीतर विकायची. मुलगा आता सहा वर्षांचा झाला, त्यालाही त्यात बसायचं असतं."

आता मी काही मेकॅनिक नाही. पण बी.एड.ला एक गोष्ट शिकवली होती, ती इथे लागू पडली: मूल नापास झालं तर आधी त्याला काय येत नाही ते शोधा, लगेच शिकवणी लावू नका. भाऊ शिकवणी लावायच्या बेतात होता. एका दुकानदाराने त्याला कडक स्प्रिंगा घालून गाडी दीड इंच खाली बसवण्याचा आणि मोठ्या रिमांचा सल्ला दिला होता. दिसायला झकास. पण या गाडीच्या चाकाला वर-खाली व्हायला मुळातच जागा बेताची. ती आणखी कमी केली की वळणात एखाद्या खड्ड्यावर सस्पेन्शन थेट रबरी ठोकळ्यावर आपटतं, चाक उसळतं, आणि उसळलेल्या चाकाला पकड कसली?

भावाचा नेहमीचा मिस्त्री शारजाच्या औद्योगिक भागात आहे. पेशावरकडचे वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, म्हणून मीही म्हटलं. आमचं बोलणं उर्दूत झालं आणि माझ्या वीस वर्षांच्या अध्यापनात न आलेले कितीतरी शब्द एका सकाळी वहीत उतरले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. खाली बसले, टायरच्या कडेवर बोट फिरवलं आणि मला म्हणाले, मॅडम, हे वाचा.

टायरच्या कडेला बऱ्याच लांब अक्षरांची ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मागच्या दोन्ही टायरांवर होते २३१४, म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी अजून खोल होती, म्हणूनच भावाला ते नवे वाटत होते. पण रबर नक्षीने धरत नाही. नक्षी पाणी बाजूला काढते. धरतं ते मऊ रबर, रस्त्याच्या बारीक खडबडीत रुतून. उन्हाने आणि वयाने ते टणक होतं, मग खडू झिजलेल्या फळ्यावरून घसरावा तसं घसरतं. वर आणखी एक गोष्ट. टायरवाल्याने सगळ्या गाड्यांसारखी हिच्यातही ३५ पौंड हवा ठासली होती. या हलक्या गाडीला कंपनीने सांगितलीय २६. जास्त हवेने टायर मधोमध फुगतो आणि रस्त्याला टेकणारा भाग, जो एरवीही तळहाताएवढाच असतो, आणखी आक्रसतो.

चार तळहात. अख्खी गाडी, दोन माणसं आणि बिर्याणी एवढ्यावर उभी असते, हे मला तिथे कळलं आणि रात्री झोपताना आठवलं.

पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते, असं मी भावाला माझ्या भाषेत समजावलं. जेवढी वळण्यात खर्च झाली तेवढी ब्रेकला उरत नाही. आणि पाय एकदम उचलला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी मागच्यांचा पगार कापला जातो. आंबा घाटात एसटीचा चालक वळणाच्या आधी वेग कमी करतो, वळणात पाय स्थिर ठेवतो आणि वळण उलगडलं की मग रेटतो. त्याला हे कुणी पगाराच्या भाषेत सांगितलेलं नसतं.

टायर बदलले. चौदा इंची रिमला चांगल्या टायरांची निवड आता फार राहिलेली नाही, म्हणून हलक्या पंधरा इंची रिमा आणि १९५/५०. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ पूर्वीइतकाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. दुकानदाराला हव्या होत्या सतरा इंची. उस्ताद नुसते हसले.

मग बुश. चाकाला धरणाऱ्या दांड्यांच्या सांध्यात रबराचे बुश असतात आणि ते तीस वर्षांत सुकून भेगाळले होते. माणसाच्या गुडघ्यासारखंच. बुश गेलेला असताना अलाइनमेंट करून घेणं म्हणजे हलत्या बाकावर शुद्धलेखन, म्हणून आधी बुश आणि नंतर अलाइनमेंट हा क्रम उस्तादांनी सोडला नाही. शॉकअपही बदलले. गाडीचा कोपरा दाबून सोडला की ती पाळण्यासारखी झुलत होती, त्याहून वेगळी परीक्षा करायची गरज नव्हती. उस्तादांना यात कडकपणा नको होता. त्यांचा शब्द होता 'लचक'. लचक राहू द्या, झुलणं थांबवा.

अलाइनमेंटचे बोल्ट गंजून जाम झालेले, त्यांनी दोन दिवस खाल्ले. शेवटी मोजमाप करताना उस्ताद म्हणाले, गाडीत जेवढं वजन रोज असतं तेवढं आता ठेवा. मग आम्ही दोघं बहीण-भाऊ छप्पर उघडून यंत्रावर पुतळ्यासारखे बसलो आणि ते खाली चाकांचे कोन लावत होते. चारही चाकं वरच्या बाजूने किंचित आत कललेली, मागची दोन समोरून जराशी एकमेकींकडे वळलेली. त्याने मागची बाजू सरळ राहते. माझं वजन त्या गाडीच्या अलाइनमेंटमध्ये कायमचं नोंदलं गेलं आहे.

पहिली फेरी भावजयीने मारली. तिचं तिथलं लायसन्स भावाच्याही आधीचं. शुक्रवारी पहाटे रिकाम्या पार्किंगमध्ये तिने गाडी गोल-गोल फिरवली, वेग वाढवत नेला, मुद्दाम मध्येच पाय उचलला. मागची बाजू थोडी सैल झाली, पण आधी सांगून, आणि परत जागेवर आली. तिने आणखी चार वेळा तेच केलं. मग गाडी थांबवून म्हणाली, पावसात बघते, तेव्हा ठरवते.

पाऊस डिसेंबरात आला, मी तोवर चाचणी परीक्षेच्या पेपरांत बुडालेले. तिचा मेसेज आला: चौकातून आणले, विकू नका सांगा त्यांना. भाऊ लगेच जाड अँटी-रोल बार बघायला लागला, वळणात गाडी कमी झुकेल म्हणून. पुढे जाड घातला तर मागची बाजू आणखी शांत होईल, मागे घातला तर पुन्हा गिरकीकडे झुकेल, हे आता मलाही पाठ आहे. पण मुलाची शाळेची फी भरेपर्यंत दोन्ही नाही, असं भावजयीने जाहीर केलंय. नव्या टायरांवरचे चार आकडे तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवले आहेत, गॅसच्या तारखेच्या खाली.