सालगडी

मुठीपेक्षा जरा मोठा, बॉनेटखाली एका कोपऱ्यात तेलकट धूळ अंगावर घेऊन बसलेला. इंजिनाचे सीसी, घोडे, शून्यावरून शंभरावर जायला लागणारे सेकंद हे सगळं मालकाला तोंडपाठ असतं. पॉवर स्टेअरिंगचा पंप नेमका कुठल्या बाजूला आहे, हे मात्र तो बिघडल्यावरच कळतं. माझ्या लेखी तो गाडीचा सालगडी. इंजिन सुरू झालं की पट्ट्याला जुंपला, बंद झालं की सुटला. आणि कौतुकात त्याचा वाटा नाही.

त्याचा कामाचा रिवाज उलटा आहे. गाडी सुसाट असते तेव्हा त्याला फारसं काम नसतं. गुहागर-विजयपूर रस्त्यावर जत सोडून पुढं मोकळं मिळालं की चाकं तशीही सहज वळतात. मुद्दाम जादा तेल पाठवायचं नाही म्हणून त्याच्या पोटात एक झडप असते; ती बाकीचं तेल परत आत फिरवते. नाहीतर शंभराच्या वेगात नुसत्या बोटानं गाडी रस्त्याखाली जायची. त्याचा खरा घाम निघतो तो गाडी उभी असताना. मार्गशीर्षात यल्लम्माची यात्रा, रस्त्यात खिलारांच्या जोड्या, मागून उसाची ट्रॉली, आणि त्या गर्दीत रुंद टायरांची बुटकी जुनी स्पोर्ट्स कार मागं-पुढं करत वळवायची. इंजिन मंद, म्हणून पंपाचे फेरेही कमी, आणि टायर डांबराला चिकटून. अशा वेळी स्टेअरिंग एका टोकाला नेऊन तसंच दाबून धरलं की तेलाला पुढं वाटच उरत नाही. दाब टायरातल्या हवेच्या तीस-चाळीस पट चढतो, सुरक्षेची झडप उघडते, आणि तेच ते तेल जागच्या जागी फिरून तापत राहतं.

आत पाहिलं तर मामला नाजूक. खाचा पाडलेली एक चकती, तिच्यात सैल बसवलेल्या दहाएक पोलादी पात्या. चकती फिरली की पात्या बाहेर फेकल्या जातात आणि भोवतीच्या लंबगोल कड्याला घासत तेल पुढं ढकलतात. घासतात असं म्हणायचं, पण मधे तेलाचा पातळ थर असतो आणि सगळी भिस्त त्याच्यावर. तेल जुनं झालं, कमी पडलं, किंवा टाकीकडून येणारी रबरी नळी कडक होऊन हवा ओढू लागली, की कड्यावर ओरखडे उमटतात. म्हणजे बहुतेक वेळा तो मरतो दुसऱ्याच्या दोषानं.

आणि मरण्याआधी भरपूर कण्हतो. सकाळी थंड इंजिनावर, वळणावर, हळूहळू सगळीकडेच. स्पोर्ट्स कारच्या मालकाला ते ऐकू येत नाही, कारण सायलेन्सरचा आवाज मोठा आणि गाण्याचा त्याहून मोठा. जतमधल्या एका गॅरेजात मेस्त्री एका द्राक्ष बागायतदाराला सांगत होते, "हे आज कण्हाय लागलं न्हाई, मालक. गाणं बारीक केलं असतं, तर दिवाळीतच ऐकाय आलं असतं." मग त्यांनी फिरत्या पट्ट्यावर चूळभर पाणी टाकलं. पट्टा ओरडत असता तर आवाज क्षणभर बदलला असता. बदलला नाही. टाकीचं झाकण उघडलं, तर तेलाला फेस.

या मेस्त्रींचा दिवस ट्रॅक्टरात जातो. बागेत ओळीच्या टोकाला आखूड वळण घ्यायचं तर ट्रॅक्टरलाही पॉवर स्टेअरिंग हवंच. पण तिथला पंप बहुधा दोन दातेरी चाकांचा, थोडा कचरा पोटात घालून चालणारा. कारचा हा पातीवाला तेवढा सोशिक नाही.

स्पोर्ट्स कारवाल्यांनी त्याला कधी मनापासून घरात घेतलंच नाही. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरनं 1920 च्या दशकात पिअर्स-ॲरो गाडीवर तेलाच्या दाबानं चालणारं स्टेअरिंग करून दाखवलं; तरी गिऱ्हाइकाच्या कारमध्ये ते पहिल्यांदा विकलं गेलं 1951 साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. पोर्शनं 911 ला ते दिलं 1989 मध्ये. तेव्हा शौकीन म्हणाले, आता रस्ता हाताला कळणार नाही. 2011 मध्ये त्याच गाडीत विजेवरचं स्टेअरिंग आलं, तेव्हा हेच शौकीन तेलाच्या स्टेअरिंगच्या आठवणी काढू लागले. नोकरी गेल्यावर मिळालेलं हे प्रशस्तिपत्रक!

इकडं जतच्या गॅरेजातून नव्या पंपासाठी सांगली, कोल्हापूरला फोन झाले आणि शेवटी पुण्याहून पंप आला, पुलीशिवाय. जुनी पुली हातोड्यानं काढायचा मोह मालकाला होता. मेस्त्रींनी पुलर लावला. दांड्यावर ठोके बसले तर दणका थेट आतल्या पात्यांना. नव्या पंपावर तीच पुली दाबूनच बसवली. दाबाच्या नळीला नवे तांब्याचे वायसर, पट्ट्याला ताण. पण बराचसा वेळ गेला जुनं तेल काढण्यात. काळ्या तेलात जुन्या पंपाचाच कीस असतो. तो तसाच ठेवला तर नवाही त्याच वाटेनं जातो. परतीची नळी बाटलीत सोडून, ताजं लाल तेल ओतून, स्वच्छ येईपर्यंत ते वाहू दिलं.

मग पुढची चाकं जॅकवर उचलली. इंजिन बंद. मालक स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत होता, मेस्त्री टाकीत डोळा लावून. बुडबुडे वर येत, तेल खाली जाई, पुन्हा ओतलं जाई. मालकाचा हात घाईवर आला की मेस्त्री कानडीत ओरडत, "निधानऽ!" म्हणजे सावकाश. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू झालं.

"लॉकला धरून ठेवू नका. आणि दोन दिवसांनी तेल बघा," मेस्त्री म्हणाले. मालकाला जुना पंप आठवण म्हणून न्यायचा होता. तो त्यांनी दिला नाही. कडं गेलं असलं तरी दांडा चांगला होता, कुणाच्या तरी कामाला येईल म्हणून त्यांनी तो फळीवर टाकला आणि दारात ताटकळलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली.