हुकूम मोडणारा नोकर

शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मध्ये तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या प्रवेशात एक नोकर आहे. त्याला नाव नाही; छापील प्रतीत तो नुसता ‘पहिला नोकर’ असतो. आठ-दहा ओळी बोलतो आणि मरतो. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला हे नाटक शिकवताना मी सुरुवात लिअरपासून करत नाही, या माणसापासून करते.

प्रसंग असा आहे. ग्लॉस्टर हा म्हातारा सरदार. मुलींनी दार बंद केल्यावर भर वादळात भटकणाऱ्या राजाला त्यानं आसरा दिला. त्याची शिक्षा म्हणून लिअरची मधली मुलगी रीगन आणि तिचा नवरा कॉर्नवॉल ग्लॉस्टरला त्याच्याच वाड्यात खुर्चीला बांधतात. कॉर्नवॉल त्याचा एक डोळा काढतो. दुसराही काढा, असं रीगन सांगते. भोवती कॉर्नवॉलची माणसं उभी आहेत. दोर त्यांनीच आवळलेत, खुर्ची त्यांनीच धरून ठेवली आहे. त्यांतला एक जण मालकाला म्हणतो, हात आवरा. बालपणापासून ज्याची चाकरी केली, त्याला या घटकेला अडवणं हीच आपल्या हातून घडलेली सगळ्यात मोठी सेवा, असं तो सांगतो. तलवारी उपसल्या जातात. कॉर्नवॉलला जखम होते. रीगन दुसऱ्या कुणाची तलवार घेऊन नोकराला पाठीमागून मारते. ग्लॉस्टरचा दुसरा डोळाही जातो, आणि नोकराचं प्रेत उकिरड्यावर टाकायचा हुकूम सुटतो.

म्हणजे ज्यासाठी तो पुढे झाला ते काही वाचलं नाही. विद्यार्थी इथे हळहळतात आणि पान उलटतात. मी त्यांना उलटू देत नाही. पुढचे दोन अंक चाळून या एका जखमेचा माग काढायला लावते. कॉर्नवॉल त्या जखमेनं मरतो. रीगन विधवा होते, ग्लॉस्टरच्या अनौरस मुलाशी, एडमंडशी, लग्न करायला मोकळी होते. थोरल्या गॉनरिललाही एडमंडच हवा आहे, पण तिचा नवरा जिवंत आहे. मत्सरानं ती बहिणीला विष घालते आणि बिंग फुटल्यावर स्वतःचा जीव घेते. धाकट्या कॉर्डेलियाचं फ्रेंच सैन्य हरलेलं आहे, रणांगणात दुष्टांचीच सरशी झालेली आहे. तरी त्यांची फळी टिकत नाही. ती आतून कोसळते, आणि तिला पहिला तडा गेला आहे तो या बिननावाच्या माणसाच्या तलवारीनं. एवढं हाती लागलं की वर्गात जरा चुळबुळ सुरू होते. पात्राचं वजन त्याच्या ओळी मोजून ठरत नाही, हे मग मला वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्याकडे व्यक्तिरेखेचा अभ्यास म्हणजे विशेषणांची यादी, हे गाइडांनी पक्कं करून टाकलं आहे. लिअर हेकट, तापट आणि अखेरीस शहाणा झालेला, कॉर्डेलिया प्रेमळ नि स्पष्टवक्ती, एडमंड कपटी. यातलं काहीच चुकीचं नाही आणि त्यानं काहीच हाती लागत नाही. विशेषण हा निकाल असतो, आणि निकाल आधी कळला की पुरावा वाचायची इच्छाच उरत नाही. म्हणून पहिले काही तास माझ्या वर्गात विशेषणाला बंदी असते. प्रवेश वाचायचा आणि एवढंच टिपायचं: हुकूम कोण देतं, तो कोण पाळतं, आणि उभं राहून कोण नुसतं बघतं. वह्यांत सगळी क्रियापदंच उतरतात. नाटकातल्या माणसाजवळ दुसरं असतं तरी काय? त्या घटकेला तो समोरच्याशी काय करतो, तेवढाच तो असतो.

माझ्या विद्यार्थ्यांना लिअर भेटण्याआधी अप्पा बेलवलकर भेटलेले असतात. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगमंचावर आलं आणि डॉ. श्रीराम लागूंच्या अप्पांनी दोन पिढ्यांना रडवलं. आताच्या मुलांनी २०१६चा चित्रपट तरी पाहिलेला असतो. त्यामुळे ‘लिअर’ हे कृतघ्न मुलांचं नाटक, हे ती घरून ठरवूनच येतात. शिरवाडकरांनी लिअरमधून आपल्याला हवं ते घेतलं आणि आपल्या घरात आणलं: म्हातारपण, देऊन टाकलेली पुंजी, मुलांच्या दारातला अपमान. ते नाटक स्वतःच्या पायावर उभं आहे. पण अप्पा नट आहेत आणि लिअर राजा आहे. अप्पांचा शब्द टाळ्या घेतो. लिअरचा शब्द म्हणजे हुकूम. पहिल्याच प्रवेशात तो नकाशा मागवतो आणि देशाचे तुकडे पाडतो, आणि ते करायला कुणाची संमती लागत नाही. ‘कृतघ्नता’ हे सूत्र धरून बसलं की हे दिसेनासं होतं. मुली वाईट आहेतच. पण हुकूम ऐकायला, पाळायला आणि पार पाडायला माणसं नसती, तर त्यांचा वाईटपणा त्यांच्या खोलीबाहेर पडला नसता.

हे नाटक सेवेचं आहे, आणि सेवा करणाऱ्यानं कुठे थांबायचं याचं आहे, असं मी नोकरांच्या बाजूनं वाचतावाचता मानू लागले. एकदा ते दिसलं की माणसं जोडीजोडीनं समोर येऊ लागतात. केंट भर दरबारात राजाला तोंडावर चूक सांगतो, हद्दपार होतो आणि वेष पालटून त्याच राजाची चाकरी करायला परत येतो. त्याच्यासमोर ऑस्वल्ड, गॉनरिलचा कारभारी. मालकीण म्हणेल ते करणारा. मुलं त्याला लगेच खुशमस्कऱ्या म्हणून निकालात काढतात. मग मी चौथ्या अंकातलं त्याचं मरण वाचून दाखवते. आंधळ्या ग्लॉस्टरला मारून बक्षीस मिळवायला गेलेला हा माणूस स्वतःच मारला जातो, आणि प्राण जाताना मारणाऱ्याच्याच हाती पैशाची थैली देऊन विनवतो की मला पुर आणि माझ्याजवळची पत्रं एडमंडपर्यंत पोहोचव. शेवटच्या श्वासाला याला काम पुरं व्हायची चिंता! सॅम्युअल जॉन्सननं १७६५ साली शेक्सपिअरची नाटकं संपादित केली, तेव्हा त्यालाही हे कोडं पडलं होतं की दुष्टांच्या अशा हस्तकाला शेक्सपिअरनं इतकी निष्ठा कशासाठी दिली. मला वाटतं, अगदी जाणूनबुजून दिली. निष्ठा हा एकटा गुण पुरेसा नाही, हे दाखवायला त्याला पूर्ण निष्ठावान आणि पूर्ण चुकीचा असा माणूस हवा होता.

दुसरी जोडी याहून छोटी आणि मला अधिक मोलाची वाटते. पाचव्या अंकात एडमंड एका कॅप्टनच्या हाती चिठ्ठी देतो. तुरुंगात लिअर आणि कॉर्डेलिया आहेत, त्यांचं काय करायचं ते तीत लिहिलेलं आहे. केलंस तर बढती. यालाही नाव नाही. याच्याही वाट्याला मोजकेच शब्द. गाडी ओढणं, वाळलेला दाणा खाणं हे आपल्याला जमायचं नाही, पण माणसाचं काम असेल तर करू, अशा अर्थाचं बोलून तो निघतो आणि कॉर्डेलियाला फासावर चढवतो. माणसाचं काम कुठलं, याचं एक उत्तर हा देतो; एक उत्तर तो नोकर तिसऱ्या अंकात देऊन गेला आहे. दोघांची कधी गाठ पडत नाही. आशय शोधायचा असतो तो अशा ठिकाणी. मोठ्या माणसांच्या मोठ्या भाषणांत तो सापडतो, पण तिथे तो कुणीतरी बोलून दाखवलेला असतो. इथे तो घडतो.

वर्गात हे चाललं असताना एका मुलीनं विचारलं, “मॅडम, त्या नोकराच्या घरी कुणी कळवलं असेल का?” तिचे वडील सालगडी आहेत. समीक्षेच्या शिस्तीत हा प्रश्न बसत नाही. ए. सी. ब्रॅडली यांच्या १९०४च्या ग्रंथात शेक्सपिअरची पात्रं खरीखुरी माणसं असल्यासारखी तपासली आहेत. ती पद्धत अति झाली तेव्हा एल. सी. नाइट्स यांनी १९३३मध्ये, लेडी मॅकबेथला मुलं किती होती असं शीर्षकातच विचारून त्या अतिरेकावर बोट ठेवलं. संहितेबाहेरचं घर-दार पात्राला जोडू नये, हे मी स्वतः शिकवते. पण या मुलीचा प्रश्न संहितेबाहेरचा नव्हता. प्रेत उकिरड्यावर टाका, हे संहितेत आहे. ज्याचं अंत्यकर्मही नाकारलं त्याचं पुढे काय, हे शेक्सपिअरनंच आपल्याला विचारायला भाग पाडलं आहे. उलट ऑस्वल्ड आपल्याला पुरावं म्हणून आर्जव करून मरतो. हे दोन मृतदेह मी तोवर शेजारी ठेवून पाहिले नव्हते. तिच्या प्रश्नामुळे पाहिले.

या प्रवेशाचे दोन पाठ आहेत, तेही मी मुलांसमोर ठेवते. १६०८च्या क्वार्टो प्रतीत मालक-मालकीण निघून गेल्यावर दोन नोकर मागे राहतात. हे असंच चालत राहिलं तर माणसांचं काय होणार, असं आपसात बोलतात, आणि ग्लॉस्टरच्या रक्ताळलेल्या चेहऱ्यासाठी जवस-ताग आणि अंड्याचा पांढरा बलक आणायला निघतात. १६२३च्या फोलिओ प्रतीत एवढा भाग नाही. पीटर ब्रूक यांनीही १९६२च्या आपल्या गाजलेल्या प्रयोगात तो गाळला. त्यांना प्रेक्षकाला दिलासा द्यायचा नव्हता. मोठा दिग्दर्शक, पण इथे मी त्यांच्याबरोबर नाही. तो दिलासा नव्हेच. मघाशी जे हात खुर्ची धरून उभे होते, तेच आता पट्टी बांधणार आहेत. एकानं जीव देऊन हुकूम मोडला म्हणून उरलेल्यांना आपल्या हातांचा दुसरा उपयोग सुचला. ती कडी काढली तर पहिल्या नोकराचं मरण एकटं पडतं.

हे सगळं झाल्यावर आम्ही लिअरकडे येतो. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ हा १९७४चा अनुवाद मी हाताशी ठेवते. मुलं एखादा प्रवेश आधी मराठीत मोठ्यानं वाचतात, मग इंग्रजीकडे वळतात. आता त्यांना ऐकू येऊ लागतं की हा माणूस प्रत्येक वाक्यात काहीतरी फर्मावतो आहे: घोडे जोडा, जेवण आणा, विदूषकाला बोलवा. शंभर सरदारांवरून मुली त्याला पन्नासावर आणतात, पंचविसावर आणतात, मग एक तरी कशाला हवा म्हणतात. मुलं ही घासाघीस अपमान म्हणून वाचत असत. आता ती हुकमाची लांबी कशी आखूड होत जाते ते वाचतात. वादळात तो वाऱ्यापावसालाही आज्ञा देतो आणि ते ऐकत नाहीत. तिथेच त्याला उघड्यावर भिजणारी माणसं पहिल्यांदा आठवतात, ज्यांची काळजी आपण राजा असून घेतली नाही. आणि अगदी शेवटी, कॉर्डेलियाचं कलेवर समोर असताना, तो कुणाला तरी एक गुंडी सोडायची विनंती करतो आणि आभार मानतो. पहिल्या अंकातल्या लिअरच्या तोंडी हे वाक्य बसलं नसतं. पात्र बदललं हे सांगायला आता विशेषण लागत नाही.

परीक्षेत प्रश्न अजूनही लिअरच्या शोकात्म चुकीवर येतो. त्याची तयारी मी करून घेतेच, मुलांचे गुण माझ्या मतांसाठी पणाला लावायचे नसतात. पण वर्गापुरतं एक काम देते. नाटकातलं बिननावाचं कुणीही एक निवडा आणि दोन पानं लिहा. कुणी कॉर्डेलियाच्या छावणीतला वैद्य घेतं, कुणी लिअरचा अपमान पहिल्यांदा बोलून दाखवणारा सरदार. एका मुलानं ग्लॉस्टरचं म्हातारं कूळ घेतलं. आंधळ्या मालकाला हाताशी धरून आणणारा, ऐंशीच्या घरातला हा माणूस. ग्लॉस्टर त्याला परत फिरायला सांगतो, माझ्यापायी तुला इजा होईल म्हणतो. हा म्हणतो, तुम्हाला वाट दिसत नाही, आणि जात नाही. मुलानं लिहिलं होतं की हाही हुकूमच मोडतो आहे. त्यावरून वर्गात बराच वाद झाला. ज्या मालकाकडे आता शिक्षा करायची ताकदच नाही, त्याचा हुकूम मोडण्यात धैर्य कसलं, असं काहींचं म्हणणं. माझं मत मुलाच्या बाजूनं पडलं. ग्लॉस्टर शिक्षा करू शकत नसेल, रीगन करू शकते. तिनं ज्याला वेशीबाहेर हाकललं त्याला हा दिवसाढवळ्या हाताला धरून चालला आहे.