तळ्यात-मळ्यात

नागपूरहून नुकतीच पुण्यात नोकरीला आलेल्या मैत्रिणीला शनिवारी सारसबागेत नेलं. दर्शन झालं, प्रसाद झाला. पायऱ्या उतरताना तिनं विचारलं, ‘‘तळ्यातला गणपती ना हा? मग तळं कुठंय?’’

माझी बोलती बंद! जन्म पुण्यातला, पावभाजीपासून दिवाळी पहाटेपर्यंत शंभरदा इथे आलेय. पण हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी ते ऐकलं. (पुण्यात कुणीतरी ऐकतच असतं.) म्हणाले, ‘‘पोरींनो, तळ्यातच उभ्या आहात की!’’

आणि खरंच की! सव्वादोनशेहून जास्त वर्षांपूर्वी या हिरवळीच्या जागी पाणी होतं. नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढा अडवून पर्वतीच्या पायथ्याशी तळं करवून घेतलं. मधोमध एक बेट राखलं, त्यावर बाग फुलवली, तीच ‘सारसबाग’. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी तिथे गणपती बसवला. म्हणजे आपण ज्याला टेकाड समजून चढतो, ते मुळात बेट!

आख्यायिका तर एकदम फिल्मी आहे. पेशवे म्हणे राजकारणातली गुपितं या तळ्यात, नावेत बसून बोलायचे. आणि वल्ही मारायला माणसं हबशी, म्हणजे मराठी न कळणारी! आपल्या ऑफिसातल्या बंद काचेच्या मीटिंग रूमपेक्षा आयडिया भारीच.

विसाव्या शतकात तळं गेलं, बाग आली. शेजारच्या पेशवे पार्कात १९५६ मध्ये ‘फुलराणी’ धावू लागली. तळ्यातल्या गणपतीला आता थंडीत स्वेटर आणि कानटोपी असते. पाणी मात्र नावापुरतंच.

हे सगळं ऐकून मैत्रीण खूश होती. मला मात्र २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवत होती. त्या पावसात आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली. सहकारनगरला माझी मावशी राहते. तिच्या सोसायटीतल्या गाड्या एकमेकींवर चढल्या होत्या. सकाळी चिखल काढताना मी वैतागून म्हणाले होते, ‘‘एवढ्याशा नाल्याला एवढं पाणी आलंच कुठून?’’ कात्रजच्या डोंगरातून येणारा, एके काळी आख्खं तळं भरणारा ओढा होता तो. मी त्याला नाला म्हणत होते.

नकाशावरून ओढा पुसता येतो, तळं बुजवता येतं. पाणी काही आपली वाट विसरत नाही. आणि लोकांच्या तोंडात बसलेलं नाव सगळं जपून ठेवतं, फक्त आपण ते नीट ऐकत नाही.

या वीकेंडला सारसबागेत उलट्या क्रमाने जा. आधी शंभरावर पायऱ्या चढून पर्वती गाठा. वरून खाली बघा आणि झाडीच्या जागी पाणी आहे असं समजा. मग उतरून हिरवळीवर अनवाणी चाला. लहानपणी खेळायचो ना, तळ्यात-मळ्यात? आम्ही दोघी त्या संध्याकाळी ते खेळलो. मळ्यात उडी मारायला जागाच नव्हती. चहूकडे तळंच होतं.